पोटात पट्टा, हातात पिशवी

नाही, पण मला एक सांगा, अर्धं उकडलेलं अंडं! अख्खंसुद्धा नाही, अर्धं! एवढंसं खाऊन चांगली धडधाकट बाई गाडीचं दार उघडून रस्त्याच्या कडेला ओकत बसते, याला काय म्हणायचं? आणि लोक थांबतात हो! मदतीला नाही, बघायला! एक सायकलवाला तर पाय टेकून उभाच राहिला, म्हणाला, "बाई, दिवस गेलेत का?" मी तोंड पुसत म्हटलं, "दिवस नाही रे बाबा, वजन जातंय! निघ तू, मला काय धाड भरलीय!"

तुम्हाला सांगते, मी गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाशी माझा वेगळा ब्रेक. म्हणजे चूक कुणाचीही असो, गाडी थांबवणार मी! आणि मला कोण थांबवतंय? तर माझंच पोट! तेही भर चौकात, सिग्नल हिरवा असताना!

आता ती शस्त्रक्रिया काही मी हौसेनं नाही करून घेतली. गुडघे कुरकुरत होते, रक्तातली साखर चढत होती, आणि माझी सीट मागे सारून सारून अशी वेळ आली की मागं बसणाऱ्याचे पाय खिडकीबाहेर काढावे लागतील! डॉक्टर म्हणाले, "जठराच्या वरच्या बाजूला एक पट्टा बसवू. वर छोटीशी वाटी तयार होते, ती चार घासांत भरते, पोट भरल्यासारखं वाटतं. पट्ट्यात सुईनं पाणी भरलं की घट्ट, काढलं की सैल." मी म्हटलं, बसवा! आयुष्यभर लोकांना पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून ओरडले, आपण एक आतून लावू!

मग ती आहार सांगणारी बाई आली. काडीसारखी! ती मला सांगतेय, "घास वाटाण्याएवढा घ्यायचा. चावायचा, चावायचा, पार पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. पोट भरलं की तिथंच थांबायचं. आणि सारख्या उलट्या झाल्या तर लगेच कळवायचं, हं!" मी हो हो म्हणून मान डोलावली. माझे विद्यार्थी माझ्यापुढे डोलावतात ना... तश्शी!

अहो, पण आमच्या धंद्यात जेवण म्हणजे काय? एक विद्यार्थी उतरतो आणि दुसरा चढतो, त्या मधल्या फटीत जे तोंडात कोंबता येईल ते! जन्मात कधी चावलं नाही मी, नुसतं गिळलं! सूप होतं तोवर ठीक चाललं. मग पट्टा जरा घट्ट केला आणि मी खाल्ला पाव. मऊ, लुसलुशीत पाव! एक घास गेला, त्याच्या पाठोपाठ दुसरा गेला, आणि पहिला हलेचना! छातीच्या मधोमध असा ठोकळा... तोंडाला पाणी सुटतंय, पण हावेचं नाही बरं का, अंगाला दरदरून घाम, डोळे बाहेर, आणि मग... आलं तसं परत!

घरी आणखी तऱ्हा. सासूबाई ताटावर नजर ठेवून. "अगं, काही खाल्लंच नाहीस तू. एवढं तरी घे. नको? तोंड का असं वाकडं करतेस? माझ्या हातची चवच गेली म्हणायची आता..." झालं! लगेच चिरंजीव, म्हणजे आमचे हे, "आईच्या शब्दाखातर एक घास घे ना गं." घेतला! आईच्या शब्दाखातर घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन जसाच्या तसा परत केला. दाराबाहेरून हे विचारतात, "बरी आहेस ना?" मी नळ सोडून ओरडते, "मला काय धाड भरलीय!"

आणि खरं सांगू? मी खूश होते! वजनकाटा बघावा तो खाली, खाली, खाली... मला वाटलं, हीच याची किंमत असणार. ओकायचं, तोंड धुवायचं, पुढच्या विद्यार्थ्याला क्लच शिकवायचा. ओकायच्या पिशव्या सीटखाली तयार! दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला, "काही त्रास?" मी म्हटलं, "छे! मला काय धाड भरलीय!"

आता मावशी. मावशी माझी विद्यार्थिनी. साठी कधीच उलटलेली. यजमानांची नजर गेली, म्हणून शिकायला आली. म्हणाली, "जन्मभर ते म्हणाले तू बस, मी चालवतो. आता मी म्हणणार, तुम्ही बसा." वा! पण गाडी? अहो, तिसरा गियर कधी बघितला नाही मावशीनं! पुढं कबुतर दिसलं तरी ब्रेक. कबुतर चालत निघून जातं, मागं हॉर्नचा गोंधळ, आणि मावशी शांत. "जाऊ दे पोरी, त्यांना घाई आहे."

तर त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात पाणी ठरत नव्हतं. पाणी हो! घोटभर प्यायचं, दोन मिनिटांत बाहेर. स्वतःची थुंकी गिळता येईना. तरी गेले कामावर! बसले मावशीशेजारी, म्हटलं, "चला, इंडिकेटर द्या," आणि समोरचा रस्ता गोल फिरायला लागला. मावशी म्हणाली, "तुझे ओठ पांढरे पडलेत." मी पिशवीत तोंड घालून म्हटलं, "मला काय धाड... तुम्ही पुढं बघा!"

तर मावशीनं गाडी कडेला घेतली. बरोब्बर, आरसा बघून, इंडिकेटर देऊन! माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "धाडच भरलीय तुला! लाज नाही वाटत, भरल्या घरात उपाशी मरायला? दवाखाना कुठं ते सांग. आणि आधी तो पाय काढ तुझ्या ब्रेकवरून!"

काढला हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाय उचलून घेतला. आणि मावशी सुटली! दुसरा गियर, तिसरा... चौथा! कबुतरंच काय, माणसंसुद्धा बाजूला झाली! मला शुद्ध होती-नव्हती, पण हात जोडलेले आठवतात. दवाखान्याच्या दारात दोन गाड्यांच्या मधे रिव्हर्स घेऊन गाडी लावली तिनं, एका झटक्यात! मी तिला महिनाभर घसा फोडून जे शिकवत होते ते!

डॉक्टरांनी आधी सलाइन लावलं. मग पोटावर सुई टोचून पट्ट्यातलं पाणी काढलं, आणि काय सांगू, आत कुणीतरी मूठ उघडल्यासारखं झालं! घोटभर पाणी प्याले. गेलं! खाली गेलं! रडू आलं मला, साध्या पाण्यासाठी! डॉक्टर मात्र तापलेले. "रोज उलट्या होतायत आणि तुम्ही सांगत नाही? पट्टा सरकला असता तर पुन्हा कापावं लागलं असतं. उलटी हा उपचार नव्हे, बाई!" मी तोंड उघडणार, तोच कोपऱ्यातून मावशी म्हणाली, "पुन्हा ते धाडबिड म्हणालीस तर थोबाडीत देईन." आमचे हे धावत आले, माझा हात धरून बसले. सासूबाईंनी तर त्या दिवसापासून आग्रहच सोडला. आता फक्त उसासे टाकतात.

आता मी ठणठणीत आहे. खरंच! पिशव्यांत आता भाजी आणते. नियमानं जेवते... वाटाण्याएवढा घास, तोंडात टाकायचा, चमचा खाली ठेवायचा, खिडकीबाहेर बघायचं आणि चावायचं. सगळ्यांची जेवणं होतात, ताटं उचलली जातात, भांडी धुऊन पालथी पडतात, सासूबाईंची झोप होते, आणि मी आपली चावतेच आहे! शेवटचा घास गिळून एकदाची हुश्श करते, तोवर सगळ्या घराला पुन्हा भूक लागलेली असते... आणि हे दारात उभे राहून विचारतात, "झालं का तुझं? मग आता खायला काय करतेस?"