बुटाशिवाय प्रवेश नाही

सासूबाईंपुढं माझं कधीच चालत नाही, पण त्या दिवशी त्याचा मला अभिमान वाटला. सांगते.

आम्ही त्यांना आत्या म्हणतो. नवरात्रात त्या माण तालुक्यातल्या गावाहून साताऱ्याला आमच्याकडं आल्या होत्या. सकाळी त्यांना शहराबाहेरच्या तलावावर फिरायला नेलं. आता तिथं काठानं फिरायचा नवा ट्रॅक झालाय. फाटकावर फिरणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष उभे होते, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांनी पाटीकडं बोट दाखवलं: बुटाशिवाय ट्रॅकवर प्रवेश नाही.

आत्या अनवाणी होत्या. नवरात्रात दसऱ्यापर्यंत त्या पायात काही घालत नाहीत, शेतातसुद्धा.

अध्यक्ष म्हणाले, “मावशी, पायाला काही लागलं तर जबाबदारी कुणाची?”

“जिचं नवरात्र धरलंय तिची. काट्याकुट्यातनं मेंढरं राखली तवा कुणी इचारलं न्हाई, आन् आता फरशीवर इचारताय व्हय?”

मी हळूच म्हटलं, “आत्या, चला परत.”

“तुला जायचं तर जा,” म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

अध्यक्ष भडकले. त्यांनी वॉचमनला हाक मारली, “अरे, बघतोस काय? अडव त्या बाईंना.”

वॉचमन केबिनच्या दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्याचेही पाय अनवाणी.

“अडवतो की सायेब. पण तुमच्याच पाटीमुळं मला ट्रॅकवर पाय टाकता येत न्हाई. दसऱ्याला बूट घातलं की लगीच अडवतो.”