क्लच तपासला तेव्हा गाडीत कोण होतं

माझे नाव भीमाशंकर मन्मथप्पा शेटे, वय ६१ वर्षे, धंदा किराणा दुकान, राहणार बाजारपेठ, केज, जि. बीड. माझा पहिला जबाब काल झाला आहे. आज कोणी न बोलावता ठाण्यात येऊन पुरवणी जबाब देतो, तो असा की,

घरी मी, पत्नी महानंदा आणि सून रुचिका असे राहतो. मुलगा वीरेश पुण्याला नोकरीस आहे. रुचिका वडवणीच्या शाळेत शिक्षिका असून घरची गाडी तीच चालवते. मी पूर्वी जीप चालवलेली असल्याने गाडीच्या बाबतीत घरात माझाच शब्द शेवटचा असतो.

रुचिका बरेच दिवस सांगत होती की, पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना थरथरते, क्लच पार वर आल्यावर धरतो आणि गर्दीतून हळू जाताना जळका वास येतो. आम्हाला दर्शनाला कपिलधारला जायचे होते. ती म्हणाली, "मामा, आधी मिस्त्रीला दाखवू." मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "क्लच खराब न्हाई, पाय खराब हाय. बायका क्लचवर पाय ठेवूनच गाडी हाकतेत." लोक हसले. मला बरे वाटले.

काल बाजाराच्या दिवशी सकाळी मी तिला म्हणालो, "ये, आज दाखवतोच तुला." पद्धत अशी आहे की, हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असला तर इंजिन लगेच बंद पडते. प्लेट घासलेली असली तर चालूच राहते. हे मोकळ्या जागेत करतात, समोर कोणी नसताना, हे मला चांगले माहीत आहे. गाडी दुकानासमोर रस्त्याकडे तोंड करून उभी होती. हँडब्रेकवर माझा कधीच भरवसा नाही. मी चाकाला दुकानातले वीस किलोचे लोखंडी वजन लावतो, ती जुनी सवय आहे. उतार दुकानाच्या बाजूला असल्याने वजन मागच्या चाकाच्या मागे लावलेले होते. पुढे काही लावले नाही. हँडब्रेक ओढला नाही. रुचिका एकदा म्हणाली, "मामा, समोर माणसं हायत. मैदानात करू." मी ऐकले नाही.

मी क्लच सोडला. इंजिन बंद पडले नाही. म्हणजे तिचेच खरे होते आणि ते मला तिथेच कळले. पण लोक बघत होते, म्हणून मी ॲक्सिलेटर दाबला. प्लेटने एकदम पकड घेतली आणि गाडी झटक्यात पुढे गेली. समोर भाजी घेऊन बसलेल्या छबुबाई यांच्या पायावर चाक गेले. त्यांचा पाय घोट्याच्या वर मोडला आहे.

मी खाली उतरलो आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. रुचिकाने आत बसून गाडी मागे घेतली आणि छबुबाईंना बाजारात आलेल्या एका जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. नंतर पोलीस आले व गाडी कोण चालवत होते असे विचारले. मी "सुनबाई" असे सांगितले. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "बाईच्या हाती गाडी दिल्यावर दुसरं काय व्हनार." मी मान डोलावली. भोवतीची सगळी ओळखीची माणसे होती, त्यांनी पाहिलेले होते, पण माझ्याकडे बघून कोणी तोंड उघडले नाही. नंतर दवाखान्यात रुचिकाला विचारले तेव्हा तीही नाही म्हणाली नाही.

माझ्या लायसनची मुदत संपली आहे, म्हणून तसे सांगितले, असे मी घरी म्हणालो. ते खरे नाही. बाजारात माझे हसे होईल याची मला भीती होती. गुन्हा तिच्या नावावर लागला तर तिची नोकरी अडचणीत येईल हे माहीत असूनही मी गप्प बसलो.

आज दवाखान्यात गेलो. रुचिका छबुबाईंना भाकर चुरून देत होती. छबुबाई मला म्हणाल्या, "अण्णा, पोरीला बोल लावू नगा. गाडीत कोन हुतं ते म्या बघितलंय." त्या रागावून बोलल्या नाहीत. मला तिथे उभे राहवेना. तिथून सरळ ठाण्यात आलो.

गाडी मी चालवत होतो. रुचिकाचा काही दोष नाही. माझी मला लाज वाटते, हेही लिहून घ्यावे.

जबाब मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून रुचिकाला बोलावून तिच्यासमोर पुन्हा मोठ्याने वाचला. तिने एक दुरुस्ती सांगितली की, मैदानात चला असे ती एकदा नव्हे, तीनदा म्हणाली होती. ते खरे आहे. या दुरुस्तीसह जबाब बरोबर आहे, म्हणून सही करतो.