बाबांनी बुजवलेली नळी

आमच्या बाबांना कुठे गळती दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. गोखिवऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमधला एकही पाइप त्यांच्या एम-सीलमधून सुटलेला नाही. आम्ही सेकंडहँड गाडी घेतली, तर एसी लावला की खाली पाणी ठिबकायचं. बाबा गाडीखाली शिरले, नळी शोधली आणि लावलं एम-सील! "झाला एसी रिपेर," म्हणाले. ठिबकणं खरंच थांबलं.

त्याच रविवारी दादासाठी मुलगी बघायला निर्मळला निघालो. भर मे महिना, एसी फुल्ल. पुढे बसलेला दादा वाटेत म्हणाला, "पायाशी गारगार लागतंय."

बाबा खूश. "मग! एसी आहे तो."

मुलीच्या दारात दादाने बूट काढले, तर मोजे पिळायच्या लायकीचे. लादीवर ओली पावलं उमटली. मुलीचे वडील एकदा पावलांकडे बघतात, एकदा बाहेरच्या उन्हाकडे. "पानी कुठं लागलं तुमाला?"

आम्हालाच कळेना. काचा तर बंद होत्या!

चहा घेऊन आलेली मुलगी ओले मोजे आणि दारातली गाडी बघून म्हणाली, "गाडीच्या एसीचं पाणी बाहेर जायची नळी कुणी बुजवली का?"

आम्ही सगळे बाबांकडे बघतोय, बाबा छताकडे.

ती आता माझी वहिनी आहे. घरातलं एम-सील ती कुलपात ठेवते.