उजवा हात राहिला

तातेराव : लिहिलंस? ‘डावा गुडघा : उठताना आवाज. चालण्यास योग्य.’

केसरबाई : लिवलं. अहो, लिवायच्या वर्गातल्या प्रणिता मॅडमनी आरशापुढं उभं राहून मनातलं लिवा म्हणलं होतं. तुमी तर रेल्वेचा डबा तपासायलाव!

तातेराव : तीस वर्षं डबेच तपासले, दुसरं काय येतं मला? घे पुढं. ‘पोट : माल जास्त भरलेला.’

केसरबाई : ते खरं हाय.

तातेराव : ‘कान : डावा बंद. बायको बोलताना दोन्ही.’

केसरबाई : हौ, म्हणूनच काल दूध उतू गेलं.

तातेराव : पाठ दिसत नाही मला. तूच बघून सांग.

केसरबाई : घामोळ्या हायत. अन् मधोमध तीळ.

तातेराव : तीळ? कधीपासून?

केसरबाई : लग्नात होता की! अय्यो, तुमचा तुमालाच पत्ता नाही.

तातेराव : बरं, झालं. वही तूच नेऊन दे नारायणगुड्याला, मॅडमकडे. मी वर्गाला येत नाही म्हणावं.

केसरबाई : का हो? साऱ्या अंबरपेठेत सांगून बसले मी, आमचे मालक लेखक झाले म्हणून! आज तर समदे तिथंच बसून लिवणार हायत.

तातेराव : म्हणूनच. माझं अक्षर खराब आहे.

केसरबाई : तुमचं? डब्यावर खडूनं लिवलेलं दोन फलाटांवरून वाचता यायचं! अन् ह्यात उजवा हात कुठाय?

तातेराव : राहिला असेल.

केसरबाई : राहिला का लपवला?

तातेराव : …थरथरतो गं. सहा महिने झाले. चार लोकांत पेन नाचायला लागलं तर? लाज वाटते मला. तुला सांगणारच होतो.

केसरबाई : मला काय सांगता? सहा महिने चहा अर्धा कप कुणासाठी भरायली मी?

तातेराव : मला वाटलं, शुगरसाठी.

केसरबाई : साखर तर दोन चमचे घालते! हौले हाव का तुमी, एवढंबी कळंना?

(तातेराव वही ओढून घेतात. पेन उजव्या हातात धरून एक ओळ लिहितात.)

केसरबाई : बघू. ‘उजवा हात : थरथरतो. तरी हे त्यानंच लिहिलं.’

तातेराव : वाचता येतंय?

केसरबाई : वाचलं की आत्ता.

तातेराव : मग मीच जातो. शर्ट दे. अन् आज चहा भरून दे.

केसरबाई : सांडंल.

तातेराव : सांडू दे.

केसरबाई : मग आधी चहा प्या. शर्ट नंतर घाला.