ब्रेक चांगलं हुतं

मी मूळचा केमचा, दस्तगीर माझं नाव, आन आमचं अब्बा केमच्या टेशनावर उतरलेला माल बैलगाडीनं गावात न्यायचं, तवा मी गाडीच्या मागं पाय सोडून बसायचो, म्हंजे चाकाचं आन माजं नातं पहिल्यापासनंचं हाय ताई, हे बी लिवून घ्या. पुढं बैल गेलं, गाडी गेली, मंग मी अकलूजच्या बाजूला आलो आन ट्रॅक्टरवर बसलो, त्याला बावीस वर्सं झाली बगा. मागं दोन ट्रॉल्या, दोन्हीत डोक्याच्या वर ऊस, असं रानातनं काढून कारखान्याला घालायचं. शाळा माजी चौथीतच सुटली, पन गाडीतलं मला कुनी शिकवायचं न्हाय, असा माजा तोरा हुता. लई तोरा हुता, आता सांगताना हसू येतंय.

तर काय सांगू तुमाला, आमा डायवर लोकांची एक खोड हाय. उतार लागला की गेर काढायचा, न्यूट्रल करायचं, गाडी आपली आपन पळतीय, तेवढंच डिझेल वाचतंय. सगळंच करत्यात. आन दुसरं असं की भरलेली ट्रॉली रस्त्याला दाबून बसती, म्हनून ती लवकर थांबती, रिकामी उडती, ती थांबत न्हाय. हे मला माज्या उस्तादानं सांगितलं, त्याला त्याच्या उस्तादानं, आन मी दहा पोरांला सांगितलं आसंल.

नऊ वर्सामागं कालव्याच्या उताराला माजी गाडी गेली. गेर काढलेला, दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या, आन पुलाजवळ एक म्हस आडवी आली. मी ब्रेक दाबला, सगळा जीव पायात आनून दाबला, पन मागनं ट्रॉल्यांनी आसं ढकललं, आसं ढकललं की ट्रॅक्टर आडवा झाला आन मागची ट्रॉली कालव्यात. म्हस वाचली, मी बी वाचलो, ह्यो हात तेवढा मोडला, बगा, अजून वाकडा हाय. मंग कारखान्याच्या यार्डात, चहाच्या टपरीवर, शंभर डायवरांच्या म्होरं मी काय म्हनलो, लक्ष्मण मिस्त्रीनं परवाच ब्रेक केलं हुतं, त्यानंच घात केला.

लक्ष्मण माजा दोस्त हुता ताई. एका ताटात जेवल्यालो आमी. मी यार्डात बोलायच्या आदीच त्यो दवाखान्यात आला हुता, माज्या उशाला उभा राह्यला आन येवढंच म्हनला, दस्त्या, ब्रेक चांगलं हुतं. मी भिताडाकडं तोंड केलं. यार्डातली गोष्ट मंग समद्या वाटंनं फिरली, त्याच्याकडं ट्रॅक्टर यायचं बंद झालं, रांग लागायची जितं, तितं ह्यो मानूस मोटारसायकलींचं पंचर काढत बसला. नऊ वर्सं आमी बोललो न्हाय.

आता म्याडमचं सांगतो, लिवा नीट. आमची सायरा आठवीला हाय. तिला इज्ञान शिकवायला एक म्याडम आल्या, सोलापूरच्या, इनकरांच्या घरातल्या, घरात तेलगू बोलत्यात, आंगानं एवढ्याशा, आवाज बी बारीक. त्यांनी वर्गात इचारलं, जड गाडी लवकर थांबती का हलकी? सायरा उठली आन म्हनली, जड. म्याडम म्हनल्या, का बरं? तर ही म्हनती, माजे अब्बा बावीस वर्सं चालवतात, त्यांनी सांगितलंय. पुस्तकात उलटं लिवल्यालं, पोरं हसली, पोरगी रडत घरला आली. मी तापलो. म्हनलं, चल, बगतो तुज्या म्याडमला, ट्रॅक्टरचं ष्टेरिंग कवा धरलं हुतं का इचारतो.

गेलो तसाच शाळंत. ताई, दुसरं कुनी आसतं तर म्हनलं आसतं, पुस्तकात आसं हाय, जावा. म्याडम तसं न्हाय म्हनल्या. खुर्ची दिली, म्हनल्या, दस्तगीरभाई, मला ट्रॅक्टर चालवता येत नाही, पण माझ्या वडिलांच्या हातमागावर सूत घेऊन पळणारा धोटा मी लहानपणापासून बघितलाय, एकदा सुटला की तो आपण होऊन थांबत नाही, पलीकडच्या पेटीनं अडवावा लागतो. मंग गाडीचं कसं असेल? मला ठामपणे सांगू नका, मी बी सांगत नाही, आपण करूनच बघू, पोरांसमोर. आता तुमीच सांगा, आशा मानसाशी भांडायचं कसं?

शनिवारी शाळंत गेलो. फाटकापासनं मैदानापतूर जरा उतार हाय. म्याडमनी बाजारातनं केळ्यांचं दोन हातगाडं मागून आनलेलं, सारख्याला सारखं. एक रिकामं, एकावर वाळूची आठ पोती. पलीकडं जुन्या टायरांची भिताड, पोरं समदी दोरीच्या मागं. गाड्याच्या मागं दोर बांधला आन त्याचं टोक माज्या हातात दिलं. म्हनल्या, दोन्ही गाडे वर एकाच खुणेवरनं सोडायचे, खाली चुन्याच्या रेघेवर आले की तुम्ही दोर ओढून थांबवायचे. पयलं हात वर करा, कोनतं लवकर थांबंल? मी भरल्याला हात वर केला. पोरांनी बी केला, डायवर सांगतोय म्हनल्यावर. सायरानं माज्याकडं बगितलं, पुस्तक वाचल्यालं हुतं तिनं, पन हात माज्यासंगंच वर केला.

रिकामं सोडलं. पोरं आकडं मोजत हुती, सातला रेघेवर आलं. मी वढलं, दोन पावलात उभं. पोरांनी टाळ्या वाजिवल्या, मी मिशीला ताव दिला. मंग भरलेलं सोडलं. त्ये बी सातलाच आलं, ह्येचं मला नवल वाटलं, येग तोच हुता बगा. मी वढलं. काय सांगू तुमाला, गाड्यानं मला वढलं! टाचा रवल्या, चपलंचा पट्टा तुटला, मी झेंड्याच्या खांबापतूर घसरत गेलो, आन तितं जाऊन थांबलं.

सायरा खाली बगतीय. माजं नाक कापलं गेलं आसं वाटलं, पन म्याडम म्हनल्या, आज दस्तगीरभाईंनी ब्रेकचं काम केलं, टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी. आन पोरांला म्हनल्या, ब्रेक तोच, जोर तोच, वेगही तोच, मग काय बदललं? पोरं वरडली, वजन! म्याडम म्हनल्या, जड वस्तू ढकलायला बी जास्त जोर आन थांबवायला बी जास्त जोर. मंग माज्याकडं वळून सादं इचारलं, भाई, ट्रॉलीला ब्रेक असतो का?

ट्रॉलीला कुटला ब्रेक ताई, ब्रेक ट्रॅक्टरलाच. दोन ट्रॉल्यांचा भार, एक माजा ब्रेक, आन गेर काढल्याला, म्हंजे इंजनानं जे धरायचं त्ये बी मीच सोडून दिल्यालं. कालव्याचा उतार डोळ्याम्होरं आला. ब्रेक चांगलं हुतं.

तसाच तुटकी चप्पल हातात घिऊन लक्ष्मणकडं गेलो. त्यो टायरवर वाकल्याला, वर बगितलंच न्हाय. मी समदं सांगितलं, गाडं, वाळू, खांब, समदं, आन म्हनलं, चूक माजी हुती. त्यो म्हनला, मला कशाला सांगतुयास, मला तर ठावंच हाय. जितं बोलला हुतास तितं सांग.

तितं सांगनं म्हंजे मरन वाटलं मला. पन दुसऱ्या दिवशी यार्डात, त्याच टपरीवर, बाकड्यावर उभा राह्यलो. सांगितलं. काही हसली, एकजन म्हनला, दस्त्याला म्याडमनं आठवीत घातलं. म्हनलं, व्हय, घातलं, तुमी बी या. मंग खांबापतूर कसा वढला गेलो त्ये सांगितलं, तवा हसनं थांबलं, कारन उताराला मागनं ढकलल्यालं त्यातल्या समद्यांनी सोसल्यालं हुतं.

आता मी उताराच्या आधीच बारका गेर टाकतो, म्हंजे इंजन गाडी धरून ठेवतंय, आन नवं पोरगं कुनी न्यूट्रल करताना दिसलं की खाली उतरून शिव्या घालतो. म्याडम म्हनल्यात, आता दर साली त्यो दोर माज्याच हातात देनार. अल्ला त्यांना उदंड आयुष्य देवो, मानसाला खोटं न पाडता खरं दाखवायचं, हे लई थोड्यांला जमतंय.

लक्ष्मणकडं मीच पयला गेलो, ट्रॅक्टर घिऊन. त्यानं पाना घेतला, खाली शिरला, तासभर खाटखूट केली, मंग उठला, वर बसून ब्रेक दोनदा दाबून बगितला, आन नऊ वर्सानी माज्या तोंडाकडं बगून म्हनला, दस्त्या, ब्रेक चांगलं हायती.

मी म्हनलो, व्हय लक्ष्मण, तवा बी हुतंच.