आठ दिवसांची जोडणी

(दुपार. बापूचं शिवणकामाचं दुकान. तो एका कोटाला काजं करतोय. त्याची थोरली बहीण दवाखान्यातून तडक आली आहे. वाचादोष असलेल्यांवर उपचार करणं हे तिचं काम.)

ताई : मत दे आणि मोकळा हो बाबा. दोनशे अकरा जणांत तू एकटाच उरलायस.

बापू : बाकीचे काय म्हणतात?

ताई : एकशे पाच म्हणतात जोडलेलं राहू दे, एकशे पाच म्हणतात तोड. घोडं तुझ्यापाशी अडलंय.

बापू : म-मग अडू दे जरा. आधी मला नीट सांग. तोडलं तर न-नक्की काय होतं?

ताई : त्या बड्या कंपनीच्या ॲपला जोडायच्या आधी, आठ दिवसांपूर्वी होतं तसं. माझ्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर, त्यावरचं आपलं छोटंसं जाळं, आणि त्यात फक्त अडखळत बोलणारी माणसं. एकमेकांना आवाज पाठवतात, कुणी हसत नाही.

बापू : आणि ज-जोडलेलं राहिलं तर?

ताई : तर त्या ॲपवर जेवढी म्हणून माणसं आहेत, त्या सगळ्यांना आपलं ऐकू येणार. बघितलंस ना काय झालं ते? तू कोटाचं माप कसं घ्यायचं ते सांगितलंस, आणि लागले नकला करायला! चौसष्ट तक्रारी वाचल्या मी, एकटीनं.

बापू : एकाची नक्कल अगदीच क-कच्ची होती. 'छाती' म्हणताना मी छ वर अडकतो. तो त वर अडकला.

ताई : हसतोस काय! माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बापू : मलाही लागलं गं. दोन दिवस गिऱ्हाइकांशी ख-खुणांनीच बोललो. माझं ते मापाचं बोलणं आता पुसता येतं का?

ताई : आपल्याकडचं पुसलं. त्यांच्याकडे गेलेल्या प्रतीवर माझी सत्ता चालत नाही. आणि आज कंपनीला आपण हवे आहोत म्हणून गोड बोलतायत. उद्या आपली माणसं तिकडे रुळली की तेच दार लावून घेतील.

बापू : लावतीलही. पण परवा त-तिकडूनच हे आलंय. वाच.

ताई : 'वय एकाहत्तर. बोलावं लागू नये म्हणून चाळीस वर्षं फायलींच्या खोलीत नोकरी केली. माझ्यासारखं बोलणारं दुसरं माणूस तुमच्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माप घेताना गिऱ्हाईक घाई करत नाही का?' ...एकाहत्तर?

बापू : एकाहत्तर.

ताई : मग आपल्याकडेच बोलाव ना त्यांना. खातं मी उघडून देते.

बापू : बोलावलं. म्हणाल्या, नातीनं हे एक ॲप म-महिनाभर शिकवलंय, दुसरं आता जमायचं नाही. तोडलं, तर त्यांनी कुठं ऐकायचं?

ताई : आणि आपल्यातली ती बावीस वर्षांची मुलगी? तिची नक्कल झाल्यापासून तिनं तोंड उघडलेलं नाही. तिला काय सांगू?

बापू : म्हणून तर म-मत देववत नाहीये. ताई, ज्याचा आवाज त्याच्या हातात, असं नाही का करता येत?

ताई : येतं. सगळ्यांचं मुळात बंद ठेवायचं, ज्याला हवं त्यानं आपल्यापुरतं उघडायचं. पण तिकडून येणारी घाण उपसायला माणूस लागतं रे. मी एकटी पुरी पडत नाही.

बापू : दुकान उघडायच्या आधी एक तास मी ब-बसेन.

ताई : तू वाचशील त्या शिव्या?

बापू : वाचेन की. मनात वाचताना मी अडखळत नाही.

ताई : ...पुन्हा सगळ्यांना विचारावं लागेल. नवं मतदान होईपर्यंत मी जोडणी बंद ठेवणार, आधीच सांगते.

बापू : आणि आजी?

ताई : आज संध्याकाळी सहापर्यंत चालू ठेवते, मग बंद. त्यांना सांग, आठवडाभर वाट बघा.

बापू : लिहितो.

ताई : लिहू नकोस. बोलून पाठव.

बापू : व-वेळ लागेल.

ताई : लागू दे. गिऱ्हाईक आलं तर मी बसवून ठेवते.