भावजींची चौकशी

– नाही नाही, वाईट एक शब्द बोलायची नाही मी, सख्खा दीर आहे माझा. तुम्ही मुलीचे मामा, चौकशीला आलात, आलंच पाहिजे, भाचीला काय डोळे मिटून उजवायची असते का? – फक्त त्या बॉनेटला टेकू नका, तापलंय. स्टूल घ्या. भावजी दुसऱ्या एका गाडीच्या एसीत भरायचा गॅस आणायला गेलेत, तोवर माझे हात चालू राहिले तर चालेल ना? या गाडीचा एसी दहा मिनिटं गार हवा देतो आणि मग नुसता पंखा. फ्यूज शाबूत आहे. रिले टिक करतोय – ऐकलंत? – पण कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच काही ओढत नाही. मग क्लच गेला म्हणायचा? सगळे तेच म्हणतात आणि नवा बसवतात. भावजी नाही तसं करत. हा टेस्ट लॅम्प घ्यायचा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक क्लचच्या प्लगमध्ये – लागला बघा, करंट इथवर येतोय. आता मायनसचं टोक काढून क्लचच्या अर्थिंगच्या वायरला – नाही लागला. करंटला परत जायला वाटच नाही. हे त्यांनीच शिकवलं मला, आमचे हे गेले त्या वर्षी. मला तेव्हा पाना धरता येत नव्हता. म्हणाले, शिकून घ्या वहिनी, उद्या मी नसलो तर. मी नसलो तर! म्हणजे तेव्हापासून मनात होतं, नाही का?

स्वभाव ना? गरीब. माझ्या दोन्ही पोरींना त्यांनीच वाढवलं, आठ वर्षं. फक्त – जाऊ दे. नाही मामा, जाऊ दे. – बरं, तुम्ही विचारताच आहात म्हणून. कधी कधी बसल्या जागी हरवतात. डोळे उघडे, हातात पक्कड, आणि माणूस जागेवर नाही. दोन मिनिटं, तीन मिनिटं. फिट आहे असं मी म्हणणार नाही, मी काय डॉक्टर आहे? – फेस? मी कुठे फेस म्हणाले, तुम्हीच म्हणालात. आता आलाच विषय तर, नाही कशाला म्हणू. – स्कूटर? हो, चालवतात की. आत्ताही तीच घेऊन गेलेत. फार बारीक ऐकता हो तुम्ही.

आधीचं स्थळ? कोणी सांगितलं तुम्हाला? शाळेत शिकवायची ती. चांगली होती, फार चांगली, तेच तर. म्हणे लग्नानंतर वेगळं दुकान टाकू. त्यांच्याकडे भेटायला जायचं त्याच दिवशी भावजींनी नीट केलेली एक गाडी परत आली, एसी बंद. वायर तोडली ना मामा, तर पाच मिनिटांत सापडते, तोडणारा मूर्ख. अर्थिंगचा बोल्ट अर्धा आटा सैल करायचा. उभ्या गाडीत सगळं ठीक, रस्त्यावर हादरे बसले की बंद, मालकासमोर परत चालू. माणूस उन्हात चार तास वेडा होतो. तिकडे ती मंडळी वाट बघून उठली. – कोणी केला म्हणजे? हादऱ्यांनी होतो आपोआप! – हो, होता पान्याचा ताजा ओरखडा, भावजींनी बोट ठेवून दाखवला मला. बोलले काही नाहीत. माझ्या हातातला पाना घेतला, बोल्ट आवळला, पाना पुसला आणि परत माझ्याच हातात दिला. एक शिवी हासडली असती ना, तर मी कदाचित रडले असते, पाय धरले असते. पण नाही, गप्प. अशा गप्प माणसाचं काय करायचं असतं? वापरायचं.

असे बघू नका माझ्याकडे. तुमची भाची येईल आणि महिन्याभरात विचारेल, ही वहिनी आपली कोण? मग मी काय करू? मला एवढंच येतं, हा लॅम्प आणि ही वायर. बाकी सगळं दुकान त्यांच्या दोन हातांत आहे. भीती वाटते हो मला, सकाळी त्यांना उठायला उशीर झाला तरी वाटते. म्हणून काय झालं? घरी जाऊन सांगा, फिट येते, वहिनीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. – त्यांनाच विचारणार? विचारा की! माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, वहिनी म्हणतात तसंच असेल. खुशाल विचारा, पण मग भाची या घरात आली की तिलाही मी रोज काहीतरी विचारेन. ती आली स्कूटर. थांबताय? – नाही ना? मग उठा, त्या मागच्या दारानं निघा.

…अहो भावजी, किती हा उशीर! आणि हे काय, गॅस आणायला गेलात आणि दाढी करून आलात? – कोण, ते होय? कोणी नाही हो. पत्ता चुकले होते.